पोहोच मिळाली का?

तारेने पैसे पाठविण्याची सोय ज्यांनी स्वतः वापरली आहे, अशी मंडळी आता बहुतेक पन्नाशी ओलांडलेलीच असणार. 2013 च्या जुलैत आपल्याकडची तारसेवाच बंद झाली. त्यामुळे तरुण वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. एका शाखेत पैसे भरले की ती शाखा दुसऱ्या शाखेला तार करी. तारेत रक्कम, नाव आणि एक गुप्त आकडा असे. तो आकडा जुळला की इकडे खात्यात रक्कम जमा व्हायची. पण तार चुकू शकते, म्हणून त्याच तारेची एक प्रत टपालानेही यायची. ती आली की जुन्या नोंदीशी पडताळून फाइलला लावायची, एवढेच काम.

1986 साली भंडारा जिल्ह्यातल्याच एका शाखेत मी नुकताच अधिकारी झालो होतो. भिलाईला नोकरीला असलेल्या एका माणसाने गावाकडच्या भावाला तारेने 8,000 रुपये पाठविले. पुतणीचे लग्न होते. आकडा जुळला, मी सही केली, रक्कम जमा झाली. पाचव्या दिवशी टपालाने प्रत आली. त्या दिवशी बाजार होता, गर्दी होती, नेहमीचा कारकून रजेवर होता. बदलीवर आलेल्या माणसाने त्या प्रतीला नवीन तार समजून व्हाउचर केले आणि त्यावरही मीच सही केली. आठाचे सोळा झाले.

चूक उघडकीस यायला दीड महिना लागला. तोवर लग्न पार पडले होते आणि भावाने हौसेने दोनदा पाठविले, असे समजून दोन्ही रकमा खर्च झाल्या होत्या. वसुलीला मीच गेलो. दारावरचे तोरण वाळून गेले होते. तो माणूस एवढेच म्हणाला, "साहेब, मी तर काही मागतलोच नव्हतो जी." पुढे महिन्याला 200 रुपयांप्रमाणे चाळीस महिने त्याने ते पैसे फेडले. कादंबरीत हा प्रसंग मी दोनदा लिहायला घेतला आणि दोन्ही वेळा ती पाने फाडून टाकली.

हे आज आठवण्याचे कारण माझा भाचा. संगणकाचा अभियंता आहे, पण पुण्याला न राहता इथे साकोलीतच घरी बसून काम करतो. आसपासच्या तीन राइस मिल आणि एक पतसंस्था यांचे प्रोग्राम त्याच्याकडे आहेत. दिवाळीनंतर, धानाचा हंगाम सुरू झाला तसा तो एका संध्याकाळी कागद घेऊन आला. म्हणाला, "मामा, तुम्ही बँकेत होता. मला एक मेसेज क्यू निवडायचा आहे. यातला कोणता घेऊ?"

मेसेज क्यू म्हणजे संदेशांची रांग. मिलमध्ये काट्यावर धान मोजला की वजनाचा आकडा बिलाच्या प्रोग्रामला जायला हवा, गोदामाच्या साठ्यात जायला हवा, शेतकऱ्याच्या मोबाइलवर जायला हवा आणि पैसे द्यायचे म्हणून पतसंस्थेलाही जायला हवा. काट्यावरच्या संगणकाने या चौघांना एकेक करून गाठायचे ठरविले, तर एकाचे नेट गेले की काटाच थांबतो आणि बाहेर ट्रॅक्टरची रांग लागते. म्हणून मध्ये एक ठिकाण करायचे. काट्याने संदेश तिथे टाकून मोकळे व्हायचे. ज्याने त्याने आपल्या सवडीने उचलायचा. आमच्या झाडीपट्टीत हे समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. पाऊस चार दिवसांत कोसळतो, धानाला पाणी चार महिने लागते, म्हणून मध्ये तलाव बांधायचा. आमच्या पूर्वजांनी तेच केले. त्या मालगुजारी तलावांना हल्ली सगळे 'मामा तलाव' म्हणतात, त्यावरून भाच्याने माझी थट्टाही करून घेतली.

त्याच्या कागदावरची नावे मला अगदीच परकी वाटली नाहीत, कारण या धंद्याच्या मुळाशी एक मराठी नाव आहे. विवेक रणदिवे, जन्म मुंबईचा. एमआयटीत शिकायला जाण्यासाठी परकीय चलन मिळेना, तेव्हा या मुलाने रिझर्व्ह बँकेच्या दारात ठाण मांडून ते मिळविले, अशी हकीकत छापून आलेली आहे. (माझ्यासारख्या बँकवाल्याला ती वाचून अभिमान वाटावा की शरम, हे ठरत नाही.) ऐंशीच्या दशकात त्यांनी अमेरिकेत 'इन्फर्मेशन बस' नावाचे सॉफ्टवेअर केले. शेअर दलालांच्या टेबलावर तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांचे वेगवेगळे पडदे असत. रणदिव्यांनी सगळ्या भावांसाठी एकच वाहिनी केली. ज्याला जो भाव हवा, त्याने तेवढा ऐकावा. ती कंपनी 1994 मध्ये रॉयटर्सने विकत घेतली आणि 1997 मध्ये 'टिब्को' उभी राहिली.

आयबीएमचे 'एमक्यू सीरिज' 1993 चे. आजही ते आयबीएम एमक्यू या नावाने विकले जाते. दणकट, पण पैसे मोजून घ्यायचे. अशा मालकीच्या मालावर अवलंबून राहायला नको, म्हणून 2003 मध्ये जेपी मॉर्गन चेस बँकेतल्या जॉन ओ'हारा यांनी संदेशांची एक खुली भाषा आखायला घेतली. त्या भाषेत बोलणारे 'रॅबिटएमक्यू' 2007 मध्ये आले. ते ज्या अर्लांग भाषेत लिहिले आहे, ती टेलिफोन बनविणाऱ्या एरिक्सन कंपनीत जन्मली आणि तिला नाव मिळाले ए. के. अर्लांग या डॅनिश गणितज्ञाचे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत बसून फोनच्या रांगांचे गणित मांडणारा हा माणूस. रांगेचे सॉफ्टवेअर रांगेचे गणित मांडणाऱ्याच्या नावाच्या भाषेत लिहिलेले असावे, हे मला गोड वाटले.

आणि तिसरे 'काफ्का'. हो, तोच काफ्का. लिंक्डइन कंपनीत हे सॉफ्टवेअर करणाऱ्या जे क्रेप्स यांनी आवडत्या लेखकाचे नाव त्याला दिले, कारण हे यंत्रही लिहिण्यासाठीच बनलेले आहे. काफ्का स्वतः प्राग शहरात कामगारांच्या अपघात विमा संस्थेत 1908 पासून 1922 पर्यंत नोकरीला होता. दिवसा फायली, रात्री कथा. तेव्हा या नावाकडे माझे मन आधीच झुकलेले होते, हे कबूल करतो. त्यात हे बनविणाऱ्या तिघांमध्ये पुण्यात वाढलेल्या नेहा नारखेडे होत्या. 2011 मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले.

रॅबिटएमक्यू म्हणजे आमची टपालाची पेटी. पत्र कोणत्या टेबलावर जायचे ते बघून ती वाटणी करते आणि घेणाऱ्याने पोहोच दिली की पत्र पेटीतून नाहीसे होते. काफ्का म्हणजे लेजर. त्यात एकाखाली एक नोंद होत जाते आणि वाचल्याने नोंद पुसली जात नाही. प्रत्येक वाचणारा आपण कुठवर वाचले याची खूण ठेवतो. दहा जणांनी वाचा, मागे जाऊन परत वाचा. नोंदी किती दिवस ठेवायच्या ते आपण ठरवायचे. काही सांगितले नाही तर सात दिवस. ॲमेझॉनची 'एसक्यूएस' ही भाड्याची रांग. देखभाल त्यांची, पण उचलला न गेलेला संदेश जास्तीत जास्त 14 दिवस राहतो.

लेजर हा माझा जीव. तरीही मी भाच्याला म्हटले, "काफ्का नको." काफ्का रोज कोट्यवधी नोंदी झेलणाऱ्यांसाठी आहे. त्याची बूज राखायला जाणता माणूस लागतो. पूर्वी तर त्याच्यावर लक्ष ठेवायला 'झूकीपर' नावाचे दुसरे सॉफ्टवेअर वेगळे चालवावे लागे. ते 2025 मध्ये चौथ्या आवृत्तीत सुटले. तीन मिलच्या दिवसभराच्या पावत्या एका वहीत मावतात. त्यासाठी रॅबिट पुष्कळ झाले. खरे तर त्याच्याकडे आधीच असलेल्या डेटाबेसमध्ये एक तक्ता केला तरी भागले असते. भाचा हिरमुसला. या वयात मोठ्या यंत्राची हौस असते, आणि नोकरीच्या अर्जावर काफ्का लिहिलेले शोभूनही दिसते. "उद्या तीनशे मिल आल्या तर?" त्याने विचारले. हा प्रश्न खोटा नव्हता. मी म्हटले, येतील तेव्हा बदल, आणि बदलता येईल असे आजच लिही.

पण वेगावर आणि आकारावर बोलण्यात आमचा तास गेला तो वायाच. मला विचारायचे होते ते वेगळेच. संदेश दोनदा आला तर?

यातली मेख अशी आहे. पाठविणाऱ्याला पोहोच मिळाली नाही, तर दोन शक्यता असतात. संदेशच वाटेत हरवला किंवा संदेश पोचला आणि पोहोच हरवली. दूर बसलेल्याला यातले खरे काय ते कळत नाही. पुन्हा पाठवले नाही तर कुणाचे तरी पैसे बुडतात, पुन्हा पाठवले तर दोनदा जमा होतात. वर सांगितलेली सगळी सॉफ्टवेअर पैशाच्या कामात साधारणपणे पुन्हा पाठविण्याच्या बाजूने कौल देतात. काफ्काने 2017 पासून नेमके एकदाच नोंदविण्याची सोय दिली, पण ती त्याच्या कुंपणाच्या आत. बाहेर पतसंस्थेच्या खात्यात रक्कम जमा करताना ती जबाबदारी घेणाऱ्याचीच. त्याने प्रत्येक संदेशाचा नंबर पाहायचा आणि हा नंबर आधी झाला आहे का, हे वहीत बघायचे. 1986 च्या त्या तारेवर आणि तिच्या प्रतीवर नंबर एकच होता. रजिस्टर माझ्या डाव्या हाताला होते.

पोहोच न मिळण्याची धास्ती मोठमोठ्यांनाही असते. 12 एप्रिल 2025 रोजी देशभर यूपीआय अडखळले. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने मागाहून कारण दिले ते असे की, काही बँका व्यवहार झाला का, झाला का, ही विचारणा पुनःपुन्हा करीत राहिल्या, जुन्या व्यवहारांचीसुद्धा, आणि त्या ओझ्याने गाडी थांबली. खिडकीपाशी "माझे आले का?" म्हणणाऱ्यांची झुंबड उडाली की कॅशियरला नोटा मोजता येत नाहीत, तसेच. पैसे कापले गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत आले पाहिजेत, नाहीतर बँकेने दिवसाला 100 रुपये द्यावेत, हा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. दोन व्यक्तींमधल्या यूपीआय व्यवहाराला तो लागू होतो. चुकीची किंमत ग्राहकाने नव्हे, बँकेने मोजायची, हे त्यात मान्य झाले. आमच्या काळी ती चाळीस महिने कुणी मोजली, हे वर सांगितलेच आहे.

भाच्याने शेवटी रॅबिटएमक्यू घेतले आणि नंबरांची वही पतसंस्थेच्या प्रोग्राममध्ये घातली. मागच्या आठवड्यात त्याने मला मुद्दाम मिलवर नेले. एक पावती पाठविली आणि पोहोच यायच्या आत नेटची वायर उपटली. दहा मिनिटांनी वायर पुन्हा लावली. पावती दुसऱ्यांदा गेली, पतसंस्थेकडे ती नाकारली गेली, शिल्लक जशीच्या तशी. मुनीमजी शेजारी उभे होते, त्यांना यात विशेष काही वाटले नाही. मी मात्र पडद्यावरचा तो आकडा तीनदा वाचला.

मग त्याने एक वेगळी रांग दाखविली. ज्या संदेशांचे काय करावे ते यंत्राला कळत नाही, खाते क्रमांक चुकलेला, नाव न जुळणारे, ते सारे तिथे जाऊन पडतात. तिचे नाव 'डेड लेटर'. हा शब्द टपालखात्याचा. पत्ता न सापडलेल्या पत्रांसाठी तिथे डेड लेटर ऑफिस असे. त्या रांगेत त्या दिवशी चार पावत्या होत्या. चार शेतकरी.

"ही रोज कोण बघतो?" मी विचारले.

"मुनीमजी. रोज संध्याकाळी सहा वाजता. तसा कागदच लावला आहे भिंतीवर."

"आणि रविवारी?"

भाच्याने मुनीमजींकडे पाहिले, मुनीमजींनी त्याच्याकडे.