गावचा राखणदार उत्तर कोणाला देतो? इंदापूर, १८६७ आणि नंतर

१/ गोल्डस्मिड आणि विंगेट यांची जमीनमोजणी व साराआकारणी १८३६ साली प्रथम इंदापूर तालुक्यात लागू झाली. तीस वर्षांची मुदत संपल्यावर, १८६७ च्या सुमारास, फेरआकारणीही प्रथम येथेच झाली आणि सारा वाढला. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात ग्रामपोलीस कायदा आला.

२/ त्याआधी पुणे प्रांतात गावाची राखण जागल्या करी. तो बहुधा रामोशी असे. चोरी झाली की चोराचा माग काढत शेजारच्या गावची शीव गाठायची. माग शिवेपलीकडे गेला की जबाबदारी त्या गावाची. माग हरवला तर भरपाईचा बोजा राखणदारावर.

३/ ही व्यवस्था आदर्श नव्हती. काम जातीने ठरे आणि नाकारण्याची मुभा नसे. तरी राखणदाराला गावापुढे उत्तर द्यावे लागे, हा तिचा गुण नाकारता येत नाही.

४/ १८६७ च्या कायद्याने पोलीस पाटील जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या अधिकाराखाली आला. माणूस गावचाच राहिला. वर्दी मात्र वर जाऊ लागली.

५/ १२ मे १८७५. आजच्या बारामती तालुक्यातील सुपे. कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. इंदापूरलाही या दंग्यांची झळ पोचली. सरकारने फौज बोलावली, गावोगावी पोलीस चौक्या बसवल्या. पुणे व नगर जिल्ह्यांत ९५१ जणांना अटक झाली, ५०१ जणांना शिक्षा.

६/ चार वर्षांनी, १८७९ साली, दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. कर्जाचे तंटे कोर्टापूर्वी मिटवण्यासाठी त्यात समेट घडवणाऱ्यांची तरतूद होती. समेटाची वाट सापडली, पण तुरुंग भरल्यानंतर.

७/ स्वातंत्र्योत्तर १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमात पोलीस पाटलाचे वंशपरंपरागत वतन राहिले नाही. नियंत्रण मात्र दंडाधिकाऱ्याकडेच राहिले. २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेत समितीची निवड ग्रामसभेकडे आली. हे पाऊल योग्य दिशेचे होते.

८/ पोलीस आणि गाव यांच्यातील विश्वास केवळ बैठका, सत्कार आणि फलकांनी निर्माण होत नाही. पोलीस पाटील आणि ठाण्याचे अधिकारी यांनी वर्षातून एकदा तरी ग्रामसभेपुढे कामाचा हिशेब मांडावा. हंगामात तालुक्यात राहणाऱ्या ऊसतोड मजुरांची गाऱ्हाणीही तेथे ऐकली जावीत. अन्यथा ‘गाव’ म्हणजे कोण, हा जागल्याच्या काळातला प्रश्न तसाच राहील.