फुकटच्या गेमला शेवट नसतो

‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात २०१५ मध्ये एका रुग्णाची हकिकत छापून आली होती. वय २९. दोन नोकऱ्यांच्या मधल्या सहा ते आठ आठवड्यांत हा तरुण दिवसभर मोबाइलवर एकसारखी तीन चित्रे जुळवण्याचा गेम खेळत होता. खेळायचा डाव्या हाताने, म्हणजे उजवा हात इतर कामांना मोकळा. डॉक्टरांकडे आला तेव्हा डावा अंगठा दुखत होता आणि नीट हलत नव्हता. अंगठा उचलणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, तुटली होती. शस्त्रक्रिया करावी लागली. नवल असे, की इतकी इजा होत असताना, खेळाच्या वेळी, त्याला दुखणे जाणवलेच नव्हते.

वेदना विसरायला लावण्याची ही ताकद वैद्यकाला अनोळखी नाही. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ नावाचा गेम तयार करवून घेतला. जखमेची पट्टी बदलताना रुग्णाच्या डोळ्यांवर आभासी जगाचा चष्मा चढवतात आणि तो बर्फाच्या दरीतून जाताना पेंग्विनांवर बर्फाचे गोळे फेकत राहतो. जळालेल्या कातडीवरची पट्टी काढणे म्हणजे काय असते, हे ज्यांनी बर्न्स वॉर्डात पाहिले आहे त्यांनाच कळेल. अशा वेळी रुग्णांना वेदना कमी जाणवल्याचे या प्रयोगांत दिसले. लक्ष दुसरीकडे पूर्ण गुंतले, की वेदनेच्या वाट्याला ते कमी येते, इतके हे साधे आहे.

दोन्ही रुग्णांवर गेमने एकच काम केले. पण वॉर्डात पट्टी बदलून झाली की परिचारिका चष्मा काढून ठेवते. त्या तरुणाच्या हातातला गेम थांबवणारे कोणीच नव्हते. फुकट आणि स्वस्त मोबाइल गेमविषयी बोलताना घराघरांत चर्चा होते ती ‘किती तास’ या एकाच प्रश्नावर. त्याआधी विचारायला हवा असा प्रश्न म्हणजे, हा गेम थांबतो कुठे, आणि तो थांबू नये यात कोणाचा फायदा आहे?

‘कँडी क्रश’चे उदाहरण घेऊ. २०१२ साली आलेला हा गेम घ्यायला एक पैसाही पडत नाही. खेळाडूला पाच ‘लाइफ’ मिळतात. हरला की एक जाते आणि अर्ध्या तासाने परत येते. पाचही संपल्या की थांबा, मित्रांकडे मागा किंवा पैसे भरा. वरवर पाहता ही सक्तीची विश्रांती वाटते, आणि काही प्रमाणात ती असतेही. पण अर्धा तास डोक्यात गेम ठेवून बसलेला माणूस विश्रांती घेत नसतो. तो वाट पाहत असतो. त्यातून मधूनच एखादी पातळी अगदी थोडक्यात हुकते. नेमके कधी जिंकणार हे ठाऊक नसले, की माणूस जास्त चिकाटीने बटण दाबत राहतो. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने हे कबुतरांवर आणि उंदरांवर दाखवून कित्येक दशके झाली. जुगाराची यंत्रे याच तत्त्वावर चालतात. ‘कँडी क्रश’ बनवणारी ‘किंग’ ही कंपनी २०१६ मध्ये ५.९ अब्ज डॉलरना विकली गेली. फुकट वाटलेल्या वस्तूला इतकी किंमत येते, याचा अर्थ कोणी तरी, कुठे तरी पैसे मोजत आहे.

ते मोजणारे लोक फार थोडे असतात. बहुतेक खेळाडू कधीच खिशात हात घालत नाहीत. ते जाहिराती पाहतात आणि गर्दी करतात. कमाईचा मोठा वाटा मूठभरांकडून येतो. या धंद्यात अशा ग्राहकाला ‘व्हेल’ म्हणतात. म्हणजे देवमासा. हा शब्द कॅसिनोतून उचललेला आहे. ज्या उद्योगाने आपल्या सर्वांत चांगल्या ग्राहकासाठी शब्दही जुगाराच्या अड्ड्यावरून आणला, त्याने ‘आम्ही फक्त करमणूक करतो’ म्हणावे, हे थोडे अतीच झाले.

येथे डोपामिनचा उल्लेख आल्याशिवाय राहत नाही. मेंदूतल्या या रसायनाबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरते त्यातले बरेचसे सोडून द्यावे. व्हिडिओ गेम खेळताना मेंदूत डोपामिन स्रवते, हे १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका अभ्यासात दिसले, हे खरे. पण त्यात आठच पुरुष होते आणि प्रत्येक पुढच्या पातळीमागे त्यांना पैसे मिळणार होते. आवडते जेवण समोर आले तरी हे रसायन हलते. तेवढ्यावरून गेमला अमली पदार्थांच्या रांगेत बसवणे शास्त्राला धरून नाही, आणि पालकांच्या मनात विनाकारण धास्ती भरते ती वेगळीच.

जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली आहे. ही नवी यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. मात्र त्याची व्याख्या बरीच कडक आहे. खेळण्यावर ताबा राहत नाही, इतर सर्व गोष्टींपेक्षा गेमला अग्रक्रम मिळतो, नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहते, आणि हे सगळे साधारणपणे वर्षभर. शाळा, नोकरी, घर यांपैकी कशाची तरी त्यात पडझड झालेली असते. सुट्टीत चार दिवस गेमला चिकटलेला मुलगा या व्याख्येत बसत नाही. लोकलमध्ये गोळ्या फोडत उभी असलेली नोकरदार बाई तर मुळीच नाही.

उलट काही गेमनी चांगलेच काम केले आहे. २०२० च्या टाळेबंदीत नवी मुंबईतल्या कंपनीने बनवलेला ‘लुडो किंग’ किती घरांत पोहोचला ते अनेकांना आठवत असेल. आजी एका गावी, नातू दुसऱ्या शहरात आणि दोघांच्या सोंगट्या एका पटावर. एकटेपणावर त्या दिवसांत देण्यासारखे फारसे काही डॉक्टरांकडेही नव्हते. जाहिरातींचा मारा होता, तो सोसला गेला.

‘टेट्रिस’चे तर वैद्यकीय साहित्यातच नाव आहे. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी बनवलेला हा ठोकळ्यांचा खेळ. अपघातानंतर ऑक्सफर्डच्या रुग्णालयात तातडीच्या विभागात आलेल्या ७१ जणांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांना अपघात थोडक्यात आठवायला सांगून मग सुमारे २० मिनिटे टेट्रिस खेळायला दिले. पुढच्या आठवड्यात अपघाताची दृश्ये डोळ्यांपुढे आपोआप उभी राहण्याचे प्रमाण त्यांच्यात कमी होते. डोळ्यांपुढचे चित्र आणि पडणारे ठोकळे यांना मेंदूत एकाच जागेसाठी झगडावे लागते, असा त्यामागचा तर्क आहे. चाचणी लहान होती, ती घरगुती उपचार म्हणून वापरायची नाही. तरीही लक्षात राहतो तो आकडा २० मिनिटांचा. मात्रा ठरलेली होती.

मात्रा गेमच्या रचनेतच घालता येते, हे दाखवणारे गेमही आहेत. जॉश वॉर्डल यांनी २०२१ मध्ये सर्वांसाठी खुला केलेला ‘वर्डल’ रोज एकच कोडे द्यायचा. सुटले नाही तरी दुसरे उद्याच. त्यामुळे कोणाचे नुकसान झाले नाही. उलट तो इतका लोकप्रिय झाला, की पुढच्याच जानेवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने विकत घेतला. ‘मॉन्युमेंट व्हॅली’ हा २०१४ चा गेम चार डॉलरच्या आत मिळायचा. जिने, कमानी आणि डोळ्यांना फसवणारे मनोरे यांतून एका मुलीला वाट काढून द्यायची. दहा प्रकरणे, दोनेक तासांत गोष्ट संपते आणि फोन खाली ठेवला जातो. पुढे बनवणाऱ्यांनी आणखी काही प्रकरणे दोन डॉलरला आणली, तेव्हा चिडलेल्या लोकांनी त्याला एकेक तारा दिला. पैसे कशाला मागता, हा राग! फुकटाची सवय किती खोल गेली आहे, ते यातून दिसते.

स्वस्त म्हणजे सात्त्विक, असेही समजू नये. ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ बनवणारे लुका गलांते हे पूर्वी जुगाराच्या क्षेत्रातले प्रोग्रॅमर होते. गेममधली खजिन्याची पेटी उघडते तेव्हाचा लखलखाट आणि संगीत थेट जुगाराच्या यंत्राची आठवण करून देतात. पण संगणकावर सुमारे तीन डॉलरला आलेल्या या गेममध्ये त्या पेटीसाठी कोणी वेगळे पैसे मागितले नाहीत. शिवाय बहुतेक डाव ३० मिनिटांवर संपतो, कारण त्या क्षणी साक्षात यमदूत येतो. २०२३ मध्ये याने मोठमोठ्या गेमना मागे टाकून बाफ्टाचा सर्वोत्तम गेमचा पुरस्कार मिळवला. याउलट ‘लिचेस’ हे बुद्धिबळाचे संकेतस्थळ पूर्ण फुकट, जाहिराती शून्य, देणग्यांवर चालणारे. तेथे कोणी कोणाला लुबाडत नाही. तरीही एकेका मिनिटाचे डाव टाकत रात्रीचे दोन वाजवणारे महाभाग आहेतच. पैशांचा हेतू काढून घेतला तरी ‘अजून एक डाव’ शिल्लक राहतो.

‘फ्लॅपी बर्ड’ची गोष्ट यापेक्षा विलक्षण. व्हिएतनाममधल्या डाँग न्गुयेन या तरुणाने नळांच्या फटींतून पक्षी उडवण्याचा हा साधा फुकट गेम २०१३ मध्ये आणला. २०१४ च्या सुरुवातीला तो जगभर गाजला, जाहिरातींतून दिवसाला ५० हजार डॉलर मिळत असल्याच्या बातम्या आल्या. आणि फेब्रुवारीत न्गुयेन यांनी तो काढून घेतला. चार मिनिटे विरंगुळा म्हणून बनवलेल्या गेमचे लोकांना व्यसन लागले, असे कारण त्यांनी दिले. हे करणारा दुसरा माणूस शोधावा लागेल.

म्हणून काम कायद्यावर येते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर भारताने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून बंदी घातली. ते योग्यच झाले. पण त्याचा रोख पैसे जिंकण्याच्या आशेने पैसे लावण्यावर आहे. मुलांच्या फुकट गेममध्ये पैसे देऊन बंद पेटी घ्यायची आणि आत काय निघेल ते नशिबावर, हा प्रकार दिसायला वेगळा असला तरी आतले यंत्र तेच आहे. बेल्जियमने २०१८ मध्येच अशा पेट्यांना जुगाराच्या कायद्याखाली आणले. अमेरिकेत ‘फोर्टनाइट’ या फुकट गेमच्या कंपनीला २०२२ च्या अखेरीस ५२ कोटी डॉलर मोजायला लागले. त्यातले साडेचोवीस कोटी खेळाडूंकडून नकळत खरेदी करवून घेणाऱ्या बटणांच्या मांडणीबद्दल होते. चीनने अल्पवयीनांना आठवड्याला तीन तासांची मर्यादा घातली. एवढी पोलीसगिरी आपल्याकडे चालणार नाही, चालूही नये. दक्षिण कोरियाने मुलांसाठी मध्यरात्रीनंतर गेम बंद ठेवण्याचा कायदा दहा वर्षे चालवून शेवटी मागे घेतला. पेट्यांवर बंदी मात्र सहज शक्य आहे, आणि ती कोणाच्या स्वातंत्र्याआड येत नाही.

तोवर घरात करण्यासारखे थोडे आहे. अ‍ॅप स्टोअरमध्ये गेमच्या नावाजवळ बारीक अक्षरांत जाहिराती आहेत का आणि आत खरेदी आहे का, ते लिहिलेले असते. दोन्ही नसलेला गेम शोधावा. तो बहुधा शंभर-दोनशे रुपयांना मिळेल. पिझ्झ्यावर विचार न करता खर्च होणारे हे पैसे गेमसाठी द्यायला मध्यमवर्गीय हात आखडतो, कारण ‘फुकट आहे की दुसरा’. पण ज्याने एकदाच पैसे घेतले, त्याला मुलाला रात्री अकरा वाजता पुन्हा बोलावण्यात काही मिळत नाही. फुकट गेमला मिळते. म्हणूनच ‘आजचे बक्षीस न्यायचे राहिले’ असा निरोप झोपायच्या वेळी येतो. हे निरोप बंद करणे आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावणे पाच मिनिटांचे काम आहे. वडिलांचा यूपीआय पिन मुलाला ठाऊक असेल, तर तो आजच बदलावा.

वेळ मोजायचाच असेल तर खेळण्याचा मोजण्याआधी झोपेचा मोजावा. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. चिडचिड, डोकेदुखी, वर्गात पेंगणे, घसरलेले गुण अशा तक्रारी घेऊन आलेल्या मुलाचा चष्म्याचा नंबर आणि रक्त तपासून होते, पण फोन रात्री कुठे असतो हे विचारायचे राहून जाते. तो उशाखाली असेल, तर आधी तो दुसऱ्या खोलीत ठेवून दोन आठवडे पाहावे. त्यानंतरही फोन घेतला की मूल जेवण टाकते, अंगावर धावून येते, शाळा बुडवते, आणि हे महिनोन्‌महिने चालू आहे, असे असेल तर रागावून उपयोग नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तेथे जाण्याचा संकोच वाटत असेल तर केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. मराठीत बोलता येते, दिवसरात्र चालू असतो आणि पैसे लागत नाहीत.