उद्धटपणाची दुसरी बाजू

कॅमेरॉन क्रो यांच्या 'ऑलमोस्ट फेमस' (२०००) या चित्रपटात लेस्टर बँग्ज हा रॉक-समीक्षक एका किशोरवयीन लेखकाला बजावतो, की ज्यांच्याविषयी लिहायचे त्या कलावंतांशी मैत्री करू नकोस. फिलिप सेमूर हॉफमन यांनी रंगवलेला हा बँग्ज इतका लोभस आहे, की तेव्हापासून 'क्रीम' या मासिकाचे नाव निघाले की पुष्कळांना तोच आठवतो: विस्कटलेला, एकटा आणि सत्यवचनी. मला हे चित्र अपुरे वाटते. मासिक एका प्रतिभावंताच्या बळावर चालत नाही. शिवाय उद्धटपणा हीच 'क्रीम'ची थोरवी, हा समजही अर्धाच खरा आहे.

'क्रीम' निघाले ते डेट्रॉईटमध्ये, मार्च १९६९ मध्ये. त्याआधी जेमतेम दोन वर्षे, जुलै १९६७ मध्ये, याच शहरातल्या दंगलीत ४३ माणसे मृत्युमुखी पडली होती. बॅरी क्रेमर प्रकाशक होते आणि टोनी रे पहिले संपादक. यान वेनर आणि राल्फ ग्लीसन यांनी १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेले 'रोलिंग स्टोन' तोवर चांगले रुजले होते. तरीही 'क्रीम' स्वतःला अमेरिकेतले एकमेव रॉक अँड रोल मासिक म्हणवून घेई. हा दावा धादांत खोटा होता आणि विनोद त्यातच होता.

१९७१ मध्ये ही मंडळी शहर सोडून वॉल्ड लेक येथील एका शेतघरात राहायला गेली. कार्यालय आणि बिऱ्हाड एकाच छपराखाली, पगार नाममात्र. डेव्ह मार्श एकोणिसाव्या वर्षी मासिकात आले होते. बँग्ज कॅलिफोर्नियाहून आले. ग्रँडी बॉलरूम या सभागृहात शीतपेये विकणाऱ्या जान उहेल्स्की पुढे संपादक-मंडळात गेल्या. मार्श यांच्या लेखी रॉक संगीताला सामाजिक उत्तरदायित्व होते. बँग्ज यांना असल्या जड शब्दांचाच संशय येई, त्यांचा विश्वास गोंगाटावर. दोघांचे खटके उडत. पण मार्श यांनी १९७१ मध्ये एका विस्मृतीत चाललेल्या बँडविषयी लिहिताना 'पंक रॉक' हा शब्द योजला, आणि त्याच सुमारास बँग्ज यांनी 'द स्टूजेस' या मिशिगनच्याच बँडची प्रदीर्घ बाजू मांडली, हे एकत्र पाहिले म्हणजे ध्यानात येते, की प्रतिष्ठितांनी ओबडधोबड म्हणून बाजूला सारलेल्या संगीताकडे गांभीर्याने पाहण्याची दृष्टी या भांडणाऱ्या घराची सामाईक होती. ते भांडण हेच मला 'क्रीम'चे खरे संपादकीय धोरण वाटते.

संगीतकंपन्या समीक्षकांना तबकड्या फुकट पाठवत, प्रवास घडवत, मासिकांना जाहिराती देत. खाल्ल्या मिठाला जागावे, ही अपेक्षा त्यात न बोलता अंतर्भूत असे. १९७३ मध्ये कलावंतांचा अनादर केल्याच्या कारणावरून वेनर यांनी बँग्ज यांचे लेखन 'रोलिंग स्टोन'मधून बंद केले. 'क्रीम'ने नेमका हाच अनादर आपला बाणा मानला. मात्र अनादर म्हणजे अंतर राखणेच, असे नव्हे. १९७५ मध्ये उहेल्स्की चेहरा रंगवून 'किस' या बँडबरोबर प्रत्यक्ष रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि त्या अनुभवावर त्यांनी लेख लिहिला. याहून निकटचे काय असू शकते? पण तेवढ्या जवळ जाऊनही त्यांनी आपली लेखणी कुणाच्या हाती दिली नाही. चित्रपटातला उपदेश म्हणूनच मला ढोबळ वाटतो. प्रश्न मैत्रीचा नाही; मैत्रीनंतर काय लिहिले जाते, याचा आहे.

आता दुसरी बाजू. बलवानांची टोपी उडवणे आणि दुबळ्यांची चेष्टा करणे या दोन्ही कृतींना आपण एकच शब्द वापरतो: उद्धटपणा. 'क्रीम'च्या पानांवर दोन्ही होत्या. स्त्रिया, समलिंगी माणसे, कृष्णवर्णीय यांच्यावरचे विनोद 'आम्ही कुणालाच सोडत नाही' या सबबीखाली खपून जात. डेट्रॉईटसारख्या शहरातून निघणाऱ्या मासिकाला ही सबब शोभणारी नव्हती.

हे ओळखले ते बँग्ज यांनीच. १९७६ मध्ये ते 'क्रीम' सोडून न्यूयॉर्कला गेले. १९७९ मध्ये त्यांनी 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये पंक-वर्तुळातल्या वर्णद्वेषावर लेख लिहिला आणि आरोपीच्या पिंजऱ्यात स्वतःलाही उभे केले. गंमत म्हणून आपण वापरलेल्या शब्दांचा हिशेब मांडला. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दाखवण्यावर ज्याची कीर्ती उभी आहे, त्याने आपल्या डोळ्यातले मुसळ दाखवणे सोपे नसते. माझ्या मते त्यांच्या साऱ्या बेदरकार लेखनाला विश्वासार्हता देणारा हा लेख आहे.

क्रेमर १९८१ मध्ये ३७ व्या वर्षी गेले, बँग्ज १९८२ मध्ये ३३ व्या वर्षी. मासिक १९८९ मध्ये बंद पडले. अकाली मृत्यूंभोवती दंतकथा जमली. मार्श आणि उहेल्स्की यांच्यासारखे जे पुढे दशकानुदशके लिहीत राहिले, त्यांना तिच्यात दुय्यम जागा मिळाली. क्रेमर यांच्या मुलाने २०२२ मध्ये 'क्रीम' पुन्हा काढले, तर जानेवारी २०२४ मध्ये 'पिचफोर्क' हे संगीतसमीक्षेचे प्रभावी नियतकालिक 'जीक्यू' या पुरुषांच्या मासिकात विलीन करण्याचा निर्णय जाहीर झाला. कलावंत आता मध्यस्थाविना श्रोत्यांशी बोलतात. समीक्षक हवाच कशाला, असे विचारले जाते. 'क्रीम'च्या घराने दिलेले उत्तर मला अजून पटते. कुणाच्याही मिठाला न जागणारा, शेजारच्या मेजावरच्या सहकाऱ्याशी भांडणारा आणि वेळ आली की स्वतःविरुद्ध साक्ष देणारा वाचक प्रत्येक कलेला लागतो. यातले तिसरे नसेल, तर पहिल्या दोहोंची नुसती ऐट उरते.