रिमोट आजीने निवडावा

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. डी.एस.पी.चं प्रॅक्टिकल चालू होतं आणि खिशातला मोबाईल तीनदा थरथरला. बाहेर येऊन बघतो तर घरचे तीन मिस्ड कॉल! पोटात गोळाच आला. दुपारची आजी घरी एकटीच असते. लगेच फोन लावला.

"काही नाही रे," आजी म्हणाली. "अण्णांची पंच्याहत्तरी बघायची होती. माझं बोट कुठे पडलं कोण जाणे, खालून एक पाटी वर आलीय आणि ती जातच नाही. तू तुझं आटप. मी पोथी वाचत बसते."

अण्णा म्हणजे माझे आजोबा. त्यांच्या पंच्याहत्तरीचं शूटिंग दोन व्हीसीडींवर होतं. ती उतरवून घ्यायची, लग्नांची-मुंजींची जुनी शूटिंग्ज, फोटो, आजीची कीर्तनं, बाबांची नाटकं असं सगळं एका हार्डडिस्कवर टाकायचं आणि हॉलमधल्या टीव्हीवर दाखवायचं, यासाठी सुट्टीत मी घरच्या जुन्या पीसीचा होम थिएटर पीसी केला होता. नवी हार्डडिस्क, कमी आवाजाचा पंखा, वर कोडी सॉफ्टवेअर. आल्यागेल्याला दाखवून झालं. वर्गातल्या पोरांनाही फोटो दाखवले. आणि ज्या माणसासाठी हा सगळा खटाटोप केला, त्याला ऐन वेळी पोथी वाचत बसावं लागलं!

चूक मशीनमध्ये नव्हती. चूक मी मशीनसोबत घरच्यांच्या हातात जे दिलं होतं त्यात होती. ते म्हणजे टचपॅडवाला वायरलेस कीबोर्ड. त्याच्यावरच्या विंडोजच्या खुणेवर बोट पडलं आणि पाटी वर आली. ऐंशीच्या वर बटणं असलेली वस्तू मांडीवर घेऊन कीर्तन ऐकायचं, ही कल्पना इंजिनिअरिंगच्या पोरालाच सुचू शकते.

म्हणून माझं मत सरळ सांगून टाकतो. होम थिएटर पीसी करायचा असेल तर पहिल्यांदा रिमोट ठरवावा, आणि तो घरातल्या सगळ्यात कमी खटपट करणाऱ्या माणसाने ठरवावा. आपण नेमकं उलट करतो. प्रोसेसर कुठला, रॅम किती, ग्राफिक्स कार्ड घ्यावं की नको, यावर हॉस्टेलात रात्र-रात्र चर्चा. आणि रिमोट? तो उरलेल्या पैशात बसेल तो! मग काय होतं, तर घरचा खरा रिमोट आपण स्वतःच असतो. आपण हॉस्टेलवर परत आलो की टीव्हीपुढे बसलेली माणसं हातावर हात ठेवून बसतात.

कीबोर्ड गेल्यावर मी काय-काय केलं तेही सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

मोबाईलवरचं अ‍ॅप. कोडीवाल्यांचंच 'कोरे' म्हणून आहे, फुकट आहे, उत्तम आहे. पण तो रिमोट बाबांच्या खिशातून रोज सकाळी ऑफिसला जातो. आईच्या मोबाईलवर टाकलं तर अर्ध्या नाटकात मावशीचा फोन येतो. शिवाय अंधारात स्क्रीन उघडा, कुलूप काढा, अ‍ॅप शोधा, आणि हे सगळं कशासाठी, तर आवाज कमी करायला.

मग एअर माऊस घेतला. हवेत हलवला की पडद्यावर बाण हलतो. धाकट्या भावाला भारी आवडला. आजीचा हात थोडा थरथरतो. पुढचं सांगत नाही. त्याच्या रिसीव्हरचीही एक गंमत आहे. तो यूएसबी ३च्या पोर्टजवळ, हार्डडिस्कला खेटून लावला की मधूनच बटणं गिळायला लागतो. यूएसबी ३चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो, त्यामुळे हे होतं. एक हातभर एक्स्टेन्शन वायर लावून रिसीव्हर लांब नेला की सुधारतं. पण हे मला कळायला दोन रविवार गेले, आणि तोपर्यंत घरच्यांनी त्या माऊसवर फुली मारली होती.

इथे थोडा इतिहास सांगायचा मोह होतोय. १९५५ साली अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीत यूजीन पॉली यांनी 'फ्लॅशमॅटिक' केला. टॉर्चसारखा झोत पडद्याच्या कोपऱ्यावर मारायचा. पण खिडकीतून ऊन आलं की टीव्ही आपला आपणच चॅनल बदलायचा! मग १९५६ साली तिथल्याच रॉबर्ट अ‍ॅडलर यांचा 'स्पेस कमांड' आला. आत अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या दांड्या. बटण दाबलं की त्यांच्यावर हातोडी बसायची आणि माणसाच्या कानाला न ऐकू येणारा आवाज निघायचा, तो टीव्ही ओळखायचा. रिमोटमध्ये बॅटरीच नाही! कारण कंपनीच्या विक्रीवाल्यांना भीती होती, की सेल संपला तर गिऱ्हाईक म्हणणार टीव्हीच बिघडला. या पायी टीव्हीत सहा व्हॅक्यूम ट्यूब जादा घालाव्या लागल्या आणि किंमत सुमारे ३० टक्क्यांनी वाढली. म्हणजे बघा, सगळा त्रास टीव्हीच्या पोटात घेतला आणि माणसाच्या हातात फक्त एक खटका ठेवला. आपण ऐंशी बटणं माणसाच्या हातात देतो आणि वर म्हणतो, "सोपं आहे गं आजी, शिकून घे."

असो. मग दिवाळीच्या सुट्टीत मी शहाणपणा केला. टीव्हीखालच्या खणातले सगळे रिमोट आजीपुढे मांडले. बंद पडलेला सेट-टॉप बॉक्स, जुना टेपरेकॉर्डर, डीव्हीडी प्लेअर, आणि मी नव्याने आणलेला एक चपटा, चकचकीत रिमोट. (मनातून मला तोच हवा होता!) आजीने एकेक हातात घेऊन पाहिला. चपटा लगेच बाजूला ठेवला. "हा साबणासारखा निसटतोय." शेवटी डीव्हीडी प्लेअरचा उचलला. पाच-सहा वर्षं तिने त्याच्यावर भजनं लावली होती. रबराची उठावदार बटणं, मधलं मोठं, चारी बाजूंना बाण. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रबरबँड लावलेला. प्लेअर मेला होता, पण रिमोट आजीच्या बोटांना पाठ होता. एकही नवी गोष्ट शिकवावी लागणार नव्हती.

त्यात आणखी दोन गुण होते जे माझ्या डोक्यातच आले नव्हते. एक, त्याला साधे पेन्सिल सेल लागतात. चकचकीत रिमोटला बटणासारखा सीआर २०३२ सेल होता, तो आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळत नाही. दुसरं, तो इन्फ्रारेड आहे. ब्लूटूथसारखं जोडणं-तुटणं नाही, झोपणं-उठणं नाही. सेल घाला, दाबा, झालं.

पुढचं काम मात्र आपल्या पठडीतलं. एक टीसॉप १७३८ आणि कीबोर्ड असल्याचं सोंग करणारा प्रो मायक्रो बोर्ड. रिमोट एनईसी पद्धतीचा निघाला. ३८ किलोहर्ट्झवर आधी ९ मिलिसेकंदांचा ठोका, मग साडेचारची शांतता, मग ३२ बिट. बोर्ड ते ओळखून पीसीला बाण, एंटर वगैरे पाठवतो. (हे करायचं नसेल तर हेच काम करणारा 'फ्लर्क' नावाचा तयार यूएसबी रिसीव्हरही असतो.) एका संध्याकाळीत चालू झालं आणि मी खूश! पण आजीने बटण दाबलं की यादी चार घरं पुढे पळायची. मी दाबलं की नाही. शेवटी लक्षात आलं, म्हातारी माणसं बटण दाबून धरतात, कारण दाबलं गेलं याची त्यांना खात्री हवी असते. आणि एनईसीमध्ये बटण धरून ठेवलं की दर सेकंदाला नऊएक वेळा 'तेच पुन्हा' असा इशारा जातो. मग मधल्या बटणासाठी तो इशारा साफ बंद केला, आणि बाणांसाठी पाऊण सेकंद उलटल्याशिवाय ऐकायचा नाही असं ठरवलं. चार ओळींचा कोड. पण पूर्ण प्रोजेक्टमधल्या सगळ्यात उपयोगी चार ओळी त्याच.

दुसरी खोड कोडीची. पिक्चर चालू असताना 'मागे' दाबलं की तो थांबत नाही, मेनूच्या पाठीमागे चालूच राहतो. आपल्याला ती सोय वाटते. आई म्हणाली, "चित्र गेलं, पण माणसं आत बोलतायत!" कोडीच्या कीमॅप फाईलमध्ये पिक्चर चालू असतानाच्या 'मागे'ला 'थांबव' असा अर्थ दिला. प्रश्न मिटला.

रिसीव्हर मी आधी पीसीवर चिकटवला होता, पीसी टीव्हीखालच्या कपाटात. कोणाचंच बटण लागेना. साधी गोष्ट आहे, माणूस रिमोट टीव्हीकडे रोखतो! रिसीव्हर टीव्हीच्या खालच्या कडेला आणला.

राहिलं रात्रीचं बटण. आजी झोपण्याआधी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करते. गेली चाळीस वर्षं करते, आणि माझ्या फाईल सिस्टिमसाठी ती ते सोडणार नाही, सोडूही नये. मी विंडोज काढून लिबरइलेक टाकलं, म्हणजे चालू झालं की थेट कोडी. रिमोटचं लाल बटण पीसी नीट बंद करतं, त्यानंतर बोर्ड बंद. आणि बायॉसमध्ये वीज परत आली की आपोआप चालू व्हायचं अशी सोय असते, ती लावली. आता सकाळी बोर्डाचं बटण दाबलं की पीसी उठतो.

यावर माझा रूममेट म्हणतो, एवढं करण्यापेक्षा तुमचा टीव्ही आणि बॉक्स एचडीएमआय-सीईसीवाले घ्यायचे. म्हणजे टीव्हीच्याच रिमोटने सगळं चालतं. बरोबर आहे! रास्पबेरी पाय वापरणार असाल तर तेच आधी करून बघा, एक वायर जोडायची आणि बहुतेक वेळा काम होतं. पण साध्या पीसीच्या ग्राफिक्स पोर्टला बहुधा ती तार जोडलेलीच नसते, आणि माझ्याकडे जुना पीसीच होता. बोलून चालणारे रिमोटही त्याने सुचवले. पण आजी यंत्राशी बोलायला लाजते. विकतच्या अनेक रिमोटवर तर खाली चार बटणं निरनिराळ्या कंपन्यांच्या जाहिरातीचीच. चुकून दाबलं की वर्गणी भरा. आणि कुठल्याही वर्गणीत अण्णांची पंच्याहत्तरी नाही.

महागड्या युनिव्हर्सल रिमोटवरही फार विसंबू नका. लॉजिटेकचा हार्मनी हा त्यातला राजा होता, २०२१ साली कंपनीने तो बनवणं थांबवलं. विंडोज मीडिया सेंटरचा हिरव्या बटणाचा रिमोट तर ते सॉफ्टवेअरच २०१५ साली विंडोज १०मधून गेल्यावर पोरका झाला. खणातला डीव्हीडीचा रिमोट मात्र चालतोय.

सगळं जमलं असं नाही. टीव्ही चालू करून सेट-टॉप बॉक्सवरून पीसीवर यायला अजूनही टीव्हीचा रिमोट लागतोच. दोन रिमोट म्हणजे माझ्या हिशोबाने अर्धं अपयश. आईने त्याच्यावर तिचा उपाय केला. टीव्हीच्या रिमोटवरच्या 'सोर्स'वर एक लाल टिकली लावली आणि दुसऱ्यावर मधल्या बटणावर हिरवी. आधी लाल, मग हिरवी. मॅन्युअल संपलं! मी दोन पानं लिहून ठेवली होती, ती कपाटात अंथरायला गेली.

परवा रात्री पुन्हा घरचा फोन. मेसमध्ये ताट टाकून बाहेर पळालो.

"रिमोटचे सेल संपले," आजी म्हणाली. "आईच्या मोबाईलचा कॅमेरा धरून बघितलं, तू सांगितलं होतंस तसं. जांभळा उजेड दिसत नाही. बाबा आणतायत दोन सेल."

"मग फोन कशाला केलास?"

"सहज. जेवलास का?"