आजारपणाचे कर्ज आणि ‘फरार’ ठरवलेली माणसे

‘फरार’ हा पोलिसांचा शब्द आहे. खून, दरोडा किंवा घोटाळा करून पळालेल्या माणसासाठी तो वापरतात. अलीकडे आमच्या नंदुरबार जिल्ह्यात मी तो वेगळ्याच माणसांसाठी ऐकतो आहे. आजारपणात क्रेडिट कार्ड घासले, नोकरी गेली, बिल थकले आणि शेवटी पोटासाठी मस्कत किंवा दोह्याला जावे लागले, अशा पोराच्या दारात वसुलीवाला येतो. चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हाताऱ्या बापाला विचारतो, “तुमचा फरार मुलगा कुठंय?”

या शब्दाला माझा आक्षेप आहे. देशात २०१८ साली फरार आर्थिक गुन्हेगार कायदा झाला. त्यात माणूस बसायचा तर प्रकरण किमान १०० कोटींचे हवे, अटकेचे वॉरंट निघालेले हवे आणि खटला टाळायला त्याने देश सोडलेला हवा. विजय मल्ल्या मार्च २०१६ मध्ये गेले. त्यांना या कायद्याखाली फरार घोषित करायला जानेवारी २०१९ उजाडला. तिथे न्यायालय लागले, पुरावे लागले, वकिलांचे युक्तिवाद झाले. आमच्या गल्लीतल्या दोन लाखांच्या देणेकऱ्याला मात्र कमिशनवर काम करणारा एक माणूस मोटारसायकलवरून येऊन दहा मिनिटांत फरार करून जातो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

माझ्या ओळखीतल्या एका तरुणाची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, कारण घरच्यांनी आधीच पुरेसे ऐकून घेतले आहे. तो सुरतेत एसी दुरुस्तीचे काम करायचा. नंदुरबार, नवापूरच्या माणसाला सुरत जवळची. कामही तिथे आणि मोठा दवाखानाही तिथेच. पगाराच्या खात्याबरोबर बँकेने आग्रह करून कार्ड दिले, मर्यादा दोन लाख. एका रात्री त्याचे अपेंडिक्स फुटले, पोटात पू झाला. खासगी दवाखान्यात काउंटरवर आधी डिपॉझिट मागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, हे मलाही माहीत आहे. पण पोट फुटलेला माणूस यादी पाहून दवाखाना निवडत नाही. कार्ड घासले गेले. औषधे, दुसरे ऑपरेशन, पुन्हा कार्ड. दोन महिने अंथरुणात गेले तोवर मालकाने दुसरा माणूस ठेवला.

त्याने काय केले ते नीट ऐका. बायकोचे दागिने मोडून काही महिने किमान रक्कम भरली. मग बँकेला लेखी कळवले की मी आजारी होतो, व्याज थांबवा, मुद्दल हप्त्याने फेडतो. सोबत दवाखान्याची कागदपत्रे जोडली. उत्तर आले ते छापील, त्यात आजाराचा उल्लेखसुद्धा नव्हता. मग ओमानचे काम मिळाले तेव्हा तो गेला. पळायला गेला नाही, फेडायला गेला. तिकडचा नंबर आणि पत्ता त्याने स्वतःहून बँकेला कळवला. तरी फोन सुरू झाले ते बापाला, बहिणीच्या सासरी आणि मशिदीच्या एका विश्वस्ताला.

आता हिशेब मांडू. कार्डावर दरमहा साडेतीन टक्के व्याज ही आज सर्रास आढळणारी गोष्ट आहे, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. दोन लाखांवर महिन्याचे व्याज ७,००० रुपये. कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे आणखी १,२६० रुपये. चक्रवाढ बाजूला ठेवा, उशिराचा दंड बाजूला ठेवा. तरी दोन वर्षांत १,९८,२४० रुपये चढतात. दोन लाखांचे जवळपास चार लाख. यातले ३०,२४० रुपये सरकारचे. आजारी माणसाच्या थकलेल्या व्याजावर कर घेणाऱ्या सरकारला निदान त्या व्याजाला मर्यादा घालण्याची लाज वाटायला हवी होती.

मर्यादा घालता येत नाही असे नाही. महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमन कायदा पाहा. परवानाधारक सावकाराने शेतकरी नसलेल्या माणसाला विनातारण कर्ज दिले, तर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. म्हणजे तोच दोन लाखांचा आकडा सावकाराकडे दोन वर्षांत ७२,००० रुपये व्याज देतो. सावकार १८ च्या वर गेला तर कायदा त्याला धरतो. बँक ४२ घेते आणि तिचा कागद कायदेशीर. काचेच्या दारामागे बसले की सावकारी पवित्र होते काय?

या प्रश्नावर लढाई झालेली आहे. ‘आवाज’ या ग्राहक संस्थेच्या प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ७ जुलै २००८ रोजी निकाल दिला की थकलेल्या कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सोळा वर्षांनी, २० डिसेंबर २०२४ रोजी, तो निकाल रद्द झाला. न्यायालयाचे म्हणणे असे की व्याजदर हा रिझर्व्ह बँकेचा प्रांत आहे, आयोगाला त्यात हात घालता येत नाही. शिवाय बँकिंग नियमन कायद्यात १९८४ पासून कलम २१-ए आहे. व्याज जास्त आहे एवढ्या कारणावरून बँकेचा व्यवहार न्यायालयाने पुन्हा उघडू नये, असे ते सांगते.

गंमत पाहा. १८७५ मध्ये सुपे गावातून दख्खनचे दंगे पेटले, शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ मध्ये इंग्रज सरकारने कायदा करून न्यायालयांना अधिकार दिला की कर्जरोख्यावरच्या आकड्यावर थांबू नका, मागचा सगळा हिशेब उघडून पाहा. परक्या सरकारने उघडलेली वही आपल्या संसदेने बँकांपुरती मिटवून टाकली. दामदुपटीचा जुना नियमही याच मुलखातला. थकलेले व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचे नाही, एवढे साधे माप त्यात होते.

कर्जाने माणूस कुठवर जातो, हे आमच्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. १९७२ मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखी माणसे पुढे आली, ती आदिवासींच्या जमिनी कर्जाच्या कागदांनी गिळल्या म्हणून. पुढे त्या जमिनी परत देण्यासाठी १९७४ चा कायदा करावा लागला. तेव्हा कागदावर अंगठा होता, आज मोबाइलवर ओटीपी आहे. कागद वाचून न दाखवता सही घेण्याची रीत तीच आहे.

आता वसुलीकडे येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये प्रकाश कौर प्रकरणात बँकांना बजावले की वसुली कायद्याच्या मार्गाने करा, दंडेलीने नाही. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायला मनाई केली. कर्जदाराला चारचौघांत अपमानित करणे, त्याच्या कुटुंबीयांच्या आणि मित्रांच्या खासगी आयुष्यात घुसणे, धमकीचे किंवा निनावी फोन करणे, हे सगळे त्यात निषिद्ध आहे. म्हणजे बहिणीच्या सासरी केलेला तो फोन हीच बेकायदा गोष्ट होती. पण बोट कुणाकडे दाखवले गेले? आजारी पडलेल्या पोराकडे.

दारात येणाऱ्या माणसाच्या धमक्या ठरलेल्या आहेत, म्हणून त्यांची उत्तरेही पाठ हवीत. “बापाकडून वसूल करू.” बाप जामीनदार नसेल तर सज्ञान मुलाच्या कार्डाचा एक रुपयाही तो देणे लागत नाही. “जेलमध्ये टाकू.” कार्डाची थकबाकी हे दिवाणी प्रकरण आहे. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केले की ऐपत असून अप्रामाणिकपणे टाळणारा वेगळा आणि खरोखर नसल्यामुळे न देऊ शकणारा वेगळा. दुसऱ्याला तुरुंगात घालता येत नाही. “विमानतळावर अडकवू.” मुंबई उच्च न्यायालयाने २३ एप्रिल २०२४ रोजी सांगितले की सरकारी बँकांनासुद्धा लुकआउट सर्क्युलर मागण्याचा अधिकार देता येत नाही; मग कमिशनवाल्याला तो कुठून आला? “विल्फुल डिफॉल्टर लावू.” रिझर्व्ह बँकेच्या नियमात ती कारवाई २५ लाखांपासून पुढे आहे. फक्त एक सावधगिरी बाळगा. सेटलमेंटच्या नावाखाली कोरे चेक देऊ नका. चेक परत गेला तर तो मात्र फौजदारी मामला होतो.

इथपर्यंत मोहल्ल्यातली मंडळी माना डोलावतील. पुढचे त्यांच्यासाठी आहे.

आपल्यातही दोन सल्ले फिरतात. पहिला, “तीन वर्षं बाहेर काढ, कर्ज आपोआप मरतं.” साफ खोटे. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते हे खरे; पण १९६३ च्या मुदत कायद्याचे कलम १५(५) म्हणते की देणेकरी भारताबाहेर असेल तो काळ मुदतीत धरायचा नाही. म्हणजे मस्कतमध्ये बसून घड्याळ पुढे सरकत नाही, ते थांबलेले असते. क्रेडिट अहवालातली नोंदही वर्षानुवर्षे राहते. उलट बाजूचेही ऐका. दुबईत घेतलेले कार्ड बुडवून गावी आलो की सुटलो, असे समजणारेही आहेत. १७ जानेवारी २०२० पासून अमिरातीच्या न्यायालयांचा पैशाचा हुकूमनामा भारतातल्या जिल्हा न्यायालयात बजावता येतो. नवापूर स्टेशनचा फलाट अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत आहे. या टोकाला तिकीट तपासले नाही म्हणून त्या टोकाला सूट मिळत नाही.

दुसरा सल्ला धर्माचा बुरखा घालून येतो. “व्याज हराम, मग बँकेला द्यायचंच कशाला?” मुद्दल कधीपासून हराम झाले? दवाखान्याच्या काउंटरवर पैसे दुसऱ्याचे गेले होते. आपल्याकडे जनाजा उठण्याआधी वारस उभा राहून विचारतो की मय्यतीकडून कुणाचे देणे असेल तर सांगा. मेल्यावर जे विचारायचे ते जिवंतपणी टाळायचे, हा कसला दीन? आणि ज्यांना सूरह बकरातला व्याजाचा निषेध पाठ आहे, त्यांनी २८० वी आयतही वाचावी. देणेकरी अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, माफ केले तर अधिक चांगले, असा तिचा आशय आहे. ती सवड बँकेकडे मागायची आणि आपण मात्र त्या घराला टोमणे मारायचे, हे चालणार नाही. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जाखाली दबलेला माणूस आहे. रमजानमध्ये गावोगावच्या चंद्याच्या पावत्या फाटतात. त्यातल्या किती आजारपणाच्या कर्जापर्यंत पोहोचतात, हे प्रत्येक मशिदीच्या कमिटीने आपल्या वहीत पाहावे.

बँकवाले म्हणतील की कार्डाचे कर्ज विनातारण असते, जोखीम मोठी, म्हणून व्याज मोठे. सावकाराचे विनातारण कर्जही जोखमीचेच असते, तरी त्याला १८ ची वेस घातली आहे. शिवाय दोन लाखांची मर्यादा देताना त्याचा पगार कुणी पाहिला होता? उधळपट्टी करणारेही असतात, ते मान्य. पण दवाखान्याच्या बिलाची पावती आणि मॉलच्या बिलाची पावती यांत फरक करणे बँकेच्या संगणकाला अवघड नाही. खर्च कुठे झाला ते त्याला पैशापैशाने माहीत असते.

म्हणून मागणी मुद्द्याची आहे. कार्डाच्या व्याजाला रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घालावी; न्यायालयाने प्रांत तिचा म्हटला आहे, तर जबाबदारीही तिचीच. दवाखान्याची कागदपत्रे दिल्यावर आजारपणाच्या काळातले व्याज गोठवावे. थकलेले व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, ही दामदुपट कार्डालाही लागू करावी. आणि संपर्कात असलेल्या कर्जदाराच्या घरी माणूस पाठवणाऱ्या बँकेला दंड व्हावा.

तोवर घरच्यांनी एवढे करावे. बोलणे ईमेलवर ठेवावे, फोनची वेळ आणि नंबर लिहून ठेवावा, बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करावी. तिला पैसे लागत नाहीत. तडजोड झाली तर लेखी पत्र हातात आल्याशिवाय रुपया भरू नये. वसुलीवाला दारात आला तर त्याचे ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र मागावे. आणि शेजाऱ्यांनी त्या वेळी खिडक्या लावून घेऊ नयेत. बाहेर येऊन त्या म्हाताऱ्या बापाच्या बाजूला उभे राहावे. देणे त्याच्या मुलाचे आहे आणि मुलगा ते फेडतो आहे. इज्जत मात्र त्या घराची आहे, आणि ती कोणत्याही बँकेकडे गहाण ठेवलेली नाही.