नाव नको, धागा बघा

हिंगणघाटच्या बाजार समितीत कापसाची गाडी लागली की ग्रेडर बियाण्याचं नाव विचारत बसत नाही. मूठभर कापूस उपसतो, चिमटीत धरून धागा ओढतो, ओलावा मोजायचं यंत्र खुपसतो. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदीत ओलावा ८ टक्क्यांवर गेला की भाव कापला जातो, १२ च्या वर गेला की गाडी परत.

वेबसाइटवाले मात्र नावच विचारतात. परवा सेलू तालुक्यातल्या एका शाळेत गेलो होतो. बाईंना मुलांना फिरणारं, आतून-बाहेरून बघता येणारं हृदय दाखवायचं होतं. पान उघडलं तर पाटी: 'हा ब्राउझर चालत नाही, क्रोम वापरा.' संगणकांवर उबुंटू लिनक्स, त्यावर ताजा फायरफॉक्स. वेबजीएल, म्हणजे पानावरचं चित्र थेट ग्राफिक्स कार्डाकडून काढून घेण्याची सोय, त्यात २०११ पासून आहे. साइटने तेवढी ब्राउझरने पाठवलेली नावाची ओळखपट्टी वाचली आणि दार लावलं.

ही ओळखपट्टी म्हणजे मोठी गंमत. खुद्द क्रोमची पट्टी आजही 'मोझिला' या शब्दाने सुरू होते आणि शेवटाकडे 'सफारी' म्हणते! नाव बघून आत घेणाऱ्या साइट निघाल्या, तेव्हापासून प्रत्येक नवा ब्राउझर जुन्यांची नावं लावून आत शिरत आलाय.

खरं तर धागा ओढून बघायला चार ओळी पुरतात. न दिसणारा एक कॅनव्हास तयार करायचा, त्याच्याकडे 'वेबजीएल २' मागायचं. नाही मिळालं तर साधं वेबजीएल. तेही नाही मिळालं तर मुकाट्याने स्थिर चित्र दाखवायचं. पाटी कशाला?

एवढ्यानेही भागत नाही. ग्राफिक्सचा ड्रायव्हर धड नसला तरी ब्राउझर 'हो' म्हणू शकतो. लिनक्सवर एलएलव्हीएमपाइपसारखी सॉफ्टवेअरं ते काम प्रोसेसरच्या गळ्यात मारतात. चित्र येतं, पण रखडत. म्हणून वेबजीएल मागतानाच अट घालता येते: चाल फारच मंदावणार असेल तर सरळ नाही म्हण. ही सोय हाताशी असताना तिचा कंटाळा करणं मला अक्षम्य वाटतं. जुनी यंत्रं असतात ती आपल्याच शाळांत, साइट बनवणाऱ्याच्या टेबलावर नसतात.

शेवटी मी फायरफॉक्सला क्रोमची ओळखपट्टी लावली. पान निमूट उघडलं. बहुतेक संगणकांवर हृदय झकास फिरलं. दोन ठिकाणी ड्रायव्हर नव्हता, तिथे एका ठोक्याला मिनिट लागेल असं वाटलं. त्या दोन संगणकांवरची पोरं कंटाळून खिडकीबाहेर बघू लागली. बाईंनी कपाटामागून हृदयाचा जुना तक्ता काढला, धूळ झटकली आणि खिळ्याला अडकवला.

— वर्धेकर