विश्रांती ही मेहेरबानी नव्हे

डिसेंबर 2025च्या पहिल्या आठवड्यात इंडिगो कंपनीची हजारो विमानोड्डाणे रद्द झाली आणि देशभरातील विमानतळांवर प्रवासी ताटकळत राहिले. वैमानिकांच्या थकव्याला आळा घालण्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी 2024मध्ये नवे नियम जाहीर केले होते. त्यानुसार साप्ताहिक सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेण्यात आली, तर रात्रीच्या वेळी विमान उतरविण्याची मर्यादा सहावरून दोनवर आणण्यात आली. नियमांचा दुसरा टप्पा 1 नोव्हेंबर 2025 रोजी लागू झाला. आपले नियोजन चुकल्याचे कंपनीनेही मान्य केले. तरी रात्रीच्या कामाच्या नियमांतून तिला 10 फेब्रुवारी 2026पर्यंत सूट द्यावी लागली.

वैमानिकांच्या पाठीशी निदान नियम तरी आहे. सामान्य कामगाराचे काय? रात्री अकराला अंधेरीतील दुकानाचे शटर ओढून वसईला परतणाऱ्या विक्रेत्याला सकाळी सातला पुन्हा हजर राहावयाचे असेल, तर मधले तास आठच. त्यातून दोन वेळचा प्रवास, जेवण व आंघोळ वजा जाता झोपेला जेमतेम चार तास उरतात.

युरोपीय संघाच्या 2003च्या निर्देशानुसार दर 24 तासांत सलग 11 तास विश्रांती हा कामगाराचा हक्क आहे. आपल्याकडे 1948च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला 48 तासांची मर्यादा व साप्ताहिक सुटी दिली. परंतु दोन पाळ्यांमधील सलग विश्रांतीचे तास ठरविले नाहीत. मोटार वाहतूक कामगारांना मात्र 1961च्या कायद्याने असे नऊ तास दिले होते. 21 नोव्हेंबर 2025पासून या कायद्यांची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. तिच्यातही सर्व कामगारांसाठी असा आकडा नाही. त्यातच सप्टेंबर 2025मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे 48 तास कायम आहेत, असे सांगितले जाते. पण शरीराचा थकवा आठवड्याच्या हिशेबाने चालत नाही, तो रोजच्या रोज फेडावा लागतो.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना 1890मध्ये रविवारची सुटी मिळाली. पुढच्याच वर्षी पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात कामगाराच्या विश्रांतीचा हक्क ठामपणे मांडला. 2025मध्ये निवडून आलेल्या पोपमहोदयांनी त्याच परंपरेची आठवण ठेवून लिओ हे नाव धारण केले. शब्बाथाची आज्ञाही केवळ धन्यासाठी नव्हती. चाकराला धन्याइतकीच विश्रांती मिळावी, हा तिचा हेतू अनुवादाच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट आहे.

शासनाकडे 11 तासांची मागणी आपण अवश्य करावी. मात्र आमची इस्पितळे, शाळा व धर्मग्राम यांतही परिचारिका, पहारेकरी आणि स्वयंपाकी काम करतात. त्यांचे पाळीपत्रक तपासण्यास कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. ती तपासणी येत्या रविवारपूर्वी आम्ही आमच्यापासूनच सुरू करावी, हे उचित होईल.